गाजणारे मृत्यू आणि न गाजणारे

फ्रेंच भाषेत ‘कोज सेलेब्र’ असा एक शब्दप्रयोग आहे. पिताव्हाल नावाच्या वकिलाने १७३४ पासून नामांकित खटल्यांच्या हकिकतींचे खंड या नावाने प्रसिद्ध केले आणि तो रूढ झाला. पुढे इंग्रजीनेही तो जसाच्या तसा उचलला. मूळ अर्थ ‘गाजलेला खटला’ एवढाच. पण ज्या प्रकरणाने सारा समाज ढवळून निघतो आणि ज्यात कोणती तरी बाजू घेणे प्रत्येकाला भाग पडते, त्या प्रकरणालाही हेच नाव मिळाले. ड्रायफस प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण. देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून १८९४ साली शिक्षा झालेल्या या ज्यू अधिकाऱ्यासाठी १८९८ मध्ये एमिल झोलाने राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिले. १९०६ साली ड्रायफस निर्दोष ठरला. दरम्यान फ्रान्सचे सैन्य, न्यायसंस्था आणि ज्यूद्वेष या तिन्हींची झाडाझडती झाली होती.

प्रकरणे आपोआप गाजत नाहीत, ती गाजवावी लागतात, हे महाराष्ट्राने मथुरा प्रकरणात अनुभवले. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर १९७२ साली झालेल्या अत्याचाराची दखल तेव्हा फारशी कोणी घेतली नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. घटना आणि कायदा यांच्यामध्ये अकरा वर्षांचा काळ गेला. त्यातील निर्णायक वर्षे संघटित श्रमाची होती.

ठाणे ते कल्याण या लोहमार्गाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींच्या बाजूने जात असता दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. देशभर हलकल्लोळ उडाला. नव्या लोकलगाड्यांना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा रेल्वेने त्याच दिवशी केली. तशीच खळबळ याच पट्ट्यात दहा वर्षांपूर्वीही उडाली होती. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी डोंबिवलीचा एक तरुण कोपर आणि दिव्याच्या दरम्यान गाडीतून पडून मेला. त्याचे पडणे कोणीतरी चित्रित केले, म्हणून महाराष्ट्राने ते पाहिले. त्याच्या आधी आणि नंतर जे पडले, त्यांचे चित्रण नव्हते; म्हणून त्यांचे प्रकरण झाले नाही.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला सरासरी सात. यात रूळ ओलांडणारेही आले आणि गाडीतून पडणारेही. मुंब्र्याला एका क्षणी जे घडले त्याहून अधिक मृत्यू या मार्गांवर रोज विखरून होत असतात. एकेकटा मृत्यू पोलिसांच्या नोंदवहीत जातो. चार एकत्र आले की बातमी होते. मृत्यूची गणना करण्याची ही रीत कोणत्या न्यायात बसते?

असे मृत्यू गाजत नाहीत याचे कारण उघड आहे. गाजण्यासाठी एक चेहरा लागतो आणि एक आरोपी लागतो. येथे आरोपी कोण? रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमानुसार गाडीतून अपघाताने पडलेल्याच्या वारसांना रेल्वेचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे. तरतूद दयाळू आहे आणि ती हवीच. पण तिच्यामुळे दोषाचा प्रश्नच विचारावा लागत नाही. पैसे चुकते होतात आणि हिशेब मिटतो.

आरोपी शोधायची वेळ आली की तोही खालच्या पायरीवर सापडतो. मुंब्रा दुर्घटनेबद्दल नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वे पोलिसांनी दोन अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. त्याच्या निषेधार्थ ६ नोव्हेंबरला रेल्वे कर्मचाऱ्यांनी मुंबईत आंदोलन केले आणि त्या संध्याकाळी लोकल वाहतूक अडली. रुळाच्या देखभालीत कसूर झाली असेल तर चौकशी अवश्य व्हावी. परंतु डब्यात माणूस मावत नाही म्हणून तो दारात लटकतो, याचा जाब अभियंत्याला कसा विचारणार? ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाली. या चौदा वर्षांत डोंबिवली, दिवा, कल्याण येथे किती मजले चढले आणि किती संसार आले! या विलंबाबद्दल मात्र कोणावरही गुन्हा नोंदवला गेला नाही.

प्रश्नाचे मूळ अर्थव्यवस्थेत आहे. रोजगार मुंबईत आणि परवडणारे घर कल्याणपलीकडे, ही विभागणी जमिनीच्या बाजाराने केली. मुंबईच्या मालकाला कामगार स्वस्त मिळतो, कारण त्याचा निवारा दूर ढकललेला असतो. या अंतराची किंमत मालकाच्या जमाखर्चात कोठेच येत नाही. ती कामगार भरतो: रोजच्या दोन-तीन तासांनी, झिजलेल्या शरीराने आणि कधी प्राणाने.

बंद दरवाजे आवश्यकच आहेत. पण गाड्यांची संख्या तीच राहिली तर दरवाजा बंद झाल्यावर बाहेर राहणारा माणूस फलाटावर उरेल आणि त्याच्या बुडालेल्या रोजाची गणना तर कोणीच करणार नाही. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्याच्या प्रवाशांचा संताप रुळांवर उतरला. जाळपोळ झाली, तिचे समर्थन करता येणार नाही. परंतु दिव्याला जलद गाड्या थांबू लागल्या त्या त्यानंतरच, डिसेंबर २०१६ मध्ये. शांत अर्जांना ज्या राज्यव्यवस्थेत उत्तर मिळत नाही, ती लोकांना उद्रेकाचेच शिक्षण देत असते.

म्हणून प्रवासी संघटना, रेल्वे कामगारांच्या संघटना आणि मुंबईतील कामगार संघटना यांनी एकत्र बसले पाहिजे. प्रवासी आणि मोटरमन यांना परस्परांचे शत्रू ठरवणे राज्यकर्त्यांना सोयीचे आहे. त्या सोयीला बळी पडू नये. प्रत्येक स्थानकावरील मृत्यूंची संख्या आणि त्यांची कारणे दरमहा जाहीर करा. मंजूर मार्गिकांचे वेळापत्रक आणि विलंबाला जबाबदार असलेला अधिकारी व मंत्री यांची नावे जाहीर करा. नवी वसाहत मंजूर करण्यापूर्वी तिच्या वाहतुकीची तरतूद दाखवा, या तीन मागण्या एका आवाजात झाल्या पाहिजेत. मुंब्र्याच्या मृतांवर देशाची नजर काही दिवस होती. रोजच्या सात मृत्यूंवर ती कायम ठेवणे हे आता संघटनांचे काम आहे.