सांधे सुजलेल्या मुलाचे डोळे

संधिवात हा म्हाताऱ्यांचा रोग, अशी आपल्या घरोघरीं समजूत आहे; ती चुकीची आहे. सोळा वर्षांच्या आंतील मुलाचा सांधा दुसरें कांहीं कारण न सांपडतां सहा आठवडे वा अधिक काळ सुजलेला राहिला, तर त्यास बालसंधिवात म्हणतात. इ. स. १८९७ मध्यें इंग्लंडांत जॉर्ज स्टिल यांनीं अशा मुलांचें वर्णन करून ठेविलें आहे.

आमच्या पुतण्याची चार वर्षांची मुलगी सकाळीं लंगडत असे व दुपारपर्यंत अंगणांत बागडूं लागे. खेळतांना पडली असेल, असें आम्हां वडील मंडळींचें मत पडलें. पुढें सूज उतरेना, तेव्हां सांध्यांच्या डॉक्टरांस दाखविलें. त्यांनीं गुडघा पाहिला आणि लगेच नेत्रवैद्याकडे जाण्यास सांगितलें. दुखतो गुडघा, आणि दाखवावयाचे डोळे! मुलीच्या डोळ्यांस लाली नाहीं, पाणी नाहीं. झाडावरच्या कैऱ्या ती माझ्याहून बिनचूक मोजी. "आईचें श्राद्ध होऊं द्या, मग पाहूं," असें मींच म्हटलें. सूनबाईनें ऐकलें नाहीं, हें बरें झालें. स्लिट लॅम्प नांवाच्या यंत्रांतून पाहतां उजव्या डोळ्याच्या आंत दाह सुरू झालेला दिसला.

या दाहास युव्हिआयटिस म्हणतात. त्याची खोड अशी कीं, या मुलांत तो बहुधा न दुखतां, डोळा लाल न करतां चालतो. आणि एका डोळ्यानें कमी दिसूं लागलें तरी लहान मूल दुसऱ्यावर भागवून नेतें, बोलत नाहीं. तोंवर आंतील रंगीत पडदा मागच्या भिंगास चिकटून बाहुली वांकडी होते. मोतीबिंदु, काचबिंदु होतो. (बाहुलीस संस्कृतांत 'कनीनका' म्हणतात, लहान मुलगी असाहि त्या शब्दाचा अर्थ आहे.) सांध्याच्या सुजेवरून डोळ्याचा अंदाज बांधतां येत नाहीं. उलट, ज्यांचे चार किंवा त्यांहून कमी सांधे धरले आहेत, वय लहान आहे व रक्तांत 'एएनए' सांपडतें, अशांना, त्यांतहि मुलींना, धोका अधिक. अशांचे डोळे दर तीन महिन्यांनीं तपासावे लागतात. गुडघा बरा झाला तरीहि.

उपचारांत आधीं स्टेरॉइडचे थेंब. ते दीर्घकाळ घातल्यानेंहि मोतीबिंदूचें व डोळ्यांतील दाब वाढण्याचें भय असतें, म्हणून आपल्या मनानें ते चालूहि ठेवूं नयेत, बंदहि करूं नयेत. थेंबांनीं न भागल्यास मेथोट्रेक्झेट, आणि तेंहि अपुरें पडल्यास जोडीस अडालिम्युमॅबचें इंजेक्शन. या जोडीचा गुण इ. स. २०१७ मध्यें ब्रिटनमधील प्रयोगांत दिसून आला.

आमच्या मुलीची पुढील तपासणी आश्विनांत आहे. तारीख सूनबाईनें देवघराच्या दारावर खडूनें लिहिली आहे. श्राद्धाची तिथि मीं तिच्या खालीं लिहिली.