विश्लेषण : अमडापूरची बी.एड. पदवी परदेशातल्या वर्गात चालते का?

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापुरात आणि आसपासच्या गावांत बी.एड. झालेल्यांची कमतरता नाही, कमतरता आहे ती जागांची. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी राज्यात पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी व्हायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या पाच वर्षांत कित्येकांचे वय निघून गेले. 'पवित्र' पोर्टलवर निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची आणि वाढीव मानधन धरूनही माध्यमिकला महिना १८ हजार रुपये घ्यायचे. अशा वेळी मोबाइलवर 'यूकेमध्ये शिक्षक व्हा' अशी जाहिरात झळकली की बोट तिथे थांबते. ही वाट खोटी नाही. मात्र जाहिरातीत दिसते तितकी ती सरळही नाही.

इंग्लंडने दार कोणासाठी उघडले?

इंग्लंडमधील सरकारी शाळांत शिक्षक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी 'क्वालिफाइड टीचर स्टेटस', म्हणजे 'क्यूटीएस', हा दर्जा लागतो. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना त्यासाठी थेट ऑनलाइन अर्ज करता येतो. पदवी, शिक्षक प्रशिक्षण, किमान एका शालेय वर्षाचा अनुभव, इंग्रजीचे पुरेसे ज्ञान आणि आपल्या देशात शिक्षक म्हणून मान्यता असल्याचा, आपल्यावर कारवाई झालेली नसल्याचा पुरावा अशा त्याच्या अटी आहेत. या अर्जाला शुल्क नाही. 'क्यूटीएस मिळवून देतो' म्हणून लाखभर मागणारा एजंट नेमके काय विकतो, हे यावरून समजावे.

जाहिरातीत न येणारी गोष्ट पुढे आहे. भारतातील अर्जदारासाठी हे दार गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरते, तेही ११ ते १६ वयोगटासाठीच उघडे आहे. भाषा म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशसारख्या. इंग्रजी किंवा मराठी नव्हे. इतिहास-भूगोल किंवा मराठी घेऊन बी.एड. केलेल्याला या वाटेने जाता येत नाही. फक्त डी.एड. झालेल्यालाही नाही, कारण पदवी हवीच. बी.एस्सी., बी.एड. आणि गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवण्याचा अनुभव असलेल्याला मात्र खरी संधी आहे. लंडनबाहेरच्या शाळांत सप्टेंबर २०२५ पासून नव्या पात्र शिक्षकाचे किमान वेतन वर्षाला ३२,९१६ पौंड, म्हणजे पस्तीस लाख रुपयांहून अधिक आहे. त्यातला मोठा वाटा कर आणि घरभाडे खाऊन टाकते, हा हिशेब जाहिरातीत नसतो. शिवाय क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे, व्हिसा तर नव्हेच. व्हिसासाठी प्रायोजक शाळा स्वतःच शोधावी लागते.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आखात

ऑस्ट्रेलियात शिक्षकाच्या पात्रतेची तपासणी 'एआयटीएसएल' ही संस्था करते. एकूण चार वर्षांचे उच्च शिक्षण हवे, त्यात किमान एक वर्ष शिक्षक प्रशिक्षणाचे. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर बी.एड. केलेल्याची वर्षे इथे भरतात. अडते ते इंग्रजीवर. 'आयईएलटीएस'च्या शैक्षणिक परीक्षेत वाचन आणि लेखनाला किमान ७, तर ऐकणे आणि बोलण्याला ८ गुण लागतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या भारतीयालाही यातून सूट नाही. मराठी माध्यमात शिकलेल्याला बोलण्यात ८ मिळवणे अशक्य नाही, पण त्याला दोन-तीन महिन्यांचा क्लास पुरत नाही. एका परीक्षेचे शुल्क शिक्षणसेवकाच्या महिन्याच्या मानधनाच्या घरात जाते, तेव्हा 'देऊन तर पाहू' हा विचार परवडणारा नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. 'जे-१' या विनिमय व्हिसावर शिक्षकाला सुरुवातीला तीन वर्षे शिकवता येते, पुढे मुदतवाढ मिळू शकते. त्यासाठी दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. तीन वर्षांची भारतीय पदवी तिथल्या चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष आहे की नाही, यावर मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचे एकमत नसते. 'एच-१बी'च्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाल्यापासून शाळांच्या दृष्टीने तो पर्याय जवळपास मिटला आहे.

आखाती देशांचे गणित वेगळे. तिथे सीबीएसईच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत आणि बी.एड.ला थेट किंमत आहे. मात्र संयुक्त अरब अमिराती 'अपोस्टील' करारात नाही. त्यामुळे पदवी आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी त्यांचा दूतावास अशा तीन ठिकाणांहून साक्षांकित करून घ्यावी लागते.

खरी अडचण कागदावरच्या अनुभवाची

परदेशातले कार्यालय पदवीचे नाव वाचून थांबत नाही. ते पदवी कशी मिळाली हे विचारते. एआयटीएसएलला किमान ४५ दिवसांच्या, देखरेखीखालील अध्यापन सरावाचा पुरावा लागतो. दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात तर २० आठवड्यांची आंतरवासिता आहे. नियम इथलाही चांगलाच आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो, हे 'प्रवेश घ्या, परीक्षेलाच या' अशा सोयीच्या बी.एड.विषयी विदर्भ-मराठवाड्यात उघडपणे चालणाऱ्या बोलण्यातून कळते. न केलेल्या पाठांच्या वह्या इथे खपतात. तिथे संस्थेकडून थेट माहिती मागवली जाते.

अनुभवाचेही तसेच. विनाअनुदानित शाळेत पाच-सहा वर्षे राबलेल्या शिक्षकाकडे अनेकदा नियुक्तीपत्र नसते, पगार हातात मिळालेला असतो, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता नसते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची गत याहून वाईट. त्याने शिकवलेली मुले दहावी उत्तीर्ण होऊन पुढे गेली, तरी त्याचा अनुभव शून्य! ही फसवणूक परदेशाने केलेली नाही.

डॉक्टरांची नोंद वैद्यक परिषदेत होते, वकिलांची बार कौन्सिलमध्ये. शिक्षकाची अशी देशव्यापी नोंदवही नाही. एनसीटीई शिक्षक घडवणाऱ्या संस्थांना मान्यता देते, शिक्षकांची नोंद ठेवत नाही. त्यामुळे 'हा शिक्षक मान्यताप्राप्त आहे आणि त्याच्यावर कारवाई झालेली नाही' एवढे साधे पत्र आणायला उमेदवाराला कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. टीईटी गैरव्यवहारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झालेल्या आणि २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण गाजलेल्या राज्यात तर अशा नोंदवहीची गरज प्रामाणिक शिक्षकालाच सर्वाधिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना तेवढी सवलत मिळाली. एवढा आटापिटा करून मिळवलेले टीईटीचे प्रमाणपत्र इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या अर्जात बी.एड.ची जागा घेत नाही, हेही माहीत असलेले बरे.

आधीच नोकरीत असलेल्यांचे काय?

त्यांना रजा आणि ना-हरकत पत्र लागते. परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. त्यांच्याही फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा प्रश्न २०२२ च्या सुरुवातीला राज्यभर गाजला. इतरांनी अर्ज कधी करावा, याचा अंदाज त्यावरून यावा.

मराठी शिकवण्यासाठी परदेशी जाता येईल का, असेही विचारले जाते. मॉरिशसच्या शाळांत मराठी शिकवली जाते, पण शिक्षक तिथलेच असतात. अमेरिकेतील मराठी शाळा बहुतांशी सुटीच्या दिवशी, स्वयंसेवक पालकांच्या बळावर चालतात. तिथे नोकरी नाही.

अर्ज करण्याआधी

अमडापूरच्या उमेदवाराने सुरुवात एजंटापासून नव्हे, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठापासून करावी. गुणपत्रकांची अधिकृत प्रत, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, अनेक देशांना विद्यापीठाकडून थेट किंवा बंद लिफाफ्यातच हवी असते. खामगाव-अकोला मार्गे अमरावतीच्या खेपा घालण्यात उमेदवाराचे दिवस जातात. हे काम विद्यापीठाने बुलडाण्यातूनच करून द्यायला हवे. नावात 'राव', 'बाई' किंवा आडनावाच्या स्पेलिंगचा फरक असेल, तर तो पासपोर्ट काढण्याआधीच दुरुस्त करून घ्यावा. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचे अर्ज यावरच अडकतात.

एजंट लागलाच, तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' पोर्टलवर पाहता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. 'आधी पर्यटक व्हिसावर चला, शाळा तिथे गेल्यावर बघू' असे म्हणणाऱ्याला पावती मागून पाहावी.