हात मागे बांधून

विद्यापीठातल्या माध्यम विभागाने नभोवाणीचे लेखन आणि निर्मिती शिकवायला बोलावले, तेव्हा मी मनातून सुखावलो. निवृत्त माणसाला कोणीही बोलावले की तो सुखावतोच. पहिल्या तासाला मी आवाजाचे माहात्म्य, शब्दांची निवड आणि श्रोत्याची कल्पनाशक्ती यांवर चाळीस मिनिटे बोललो. तास संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, रेकॉर्डर हातात कधी मिळणार?"

प्रश्न लागला, कारण बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला तो विचारावा लागावा, हेच नवल होते. नोटा मोजायला कोणी व्याख्यान ऐकून शिकत नाही. नव्या कॅशियरला काउंटरवर बसवतात. संध्याकाळी रोकड कमी भरली की पैसे त्याच्याच खिशातून जातात आणि पुढच्या आठवड्यात बोटे शहाणी होतात.

रेकॉर्डर आले. वीस मुलांत दोन. पंखा चालू असला की त्याची घरघर मुलाखतीत कायमची बसते, आवाजाची पातळी एकदा वर जाऊन फाटली की कोणत्याही संगणकाने सांधत नाही, आणि निघण्यापूर्वी त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर टिपून घ्यायची असते, हे मुले चुका करतच शिकली. खरे सांगायचे तर मीही त्यांच्याबरोबरच शिकलो.

एका मुलाचे वडील बाजार समितीत हमाल. त्याने त्यांच्याशीच बोलून कार्यक्रम केला. वडील थांबत थांबत बोलणारे, मध्येच ट्रकचा भोंगा. कार्यक्रम द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला म्हटले, "सरक जरा." दोन तासांत मी थांबे कापले, भोंगा काढला, निवेदनही फिरवून लिहिले. परीक्षक खूश झाले. चार दिवसांनी मुलगा म्हणाला, "सर, वडिलांना ऐकवलं. ते म्हणाले, मी एवढं भरभर कधी बोललो?"

ऐंशीच्या दशकात आकाशवाणीवर कथावाचनाला जात असे, तेव्हा ध्वनिफितीचे संपादन ब्लेडने होई. सेकंदाला साडेसात इंच फीत पळे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा उसासा कापायचा तर पावणेचार इंच फीत बोटांत धरावी लागे. माणसाचा थांबा हातात दिसे. आता एका टिचकीत जातो, आणि आपण काही फेकले असे वाटतही नाही.

पण दोष यंत्राचा नाही. गुण तयार कार्यक्रमाला मिळतात. मग शिक्षकाला दुरुस्तीचा मोह होतो आणि मुलगा आपल्याच कामाचा प्रेक्षक बनतो. शिक्षणसंस्थांना नभोवाणी केंद्र चालवू देण्याचे धोरण केंद्र सरकारने २००२ साली स्वीकारले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईत अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, आपल्याकडे पुणे विद्यापीठाचे 'विद्यावाणी' आहे. लहरी मिळाल्या, गुणपत्रिका मात्र जुनीच. माझे म्हणणे एवढेच की निम्मे गुण कच्च्या ध्वनिमुद्रणाला, त्याच्या नोंदवहीला आणि पहिल्या ओबडधोबड जुळणीला द्यावेत. मुलाने काय ठेवले, काय टाकले आणि का, हे तिथे दिसते.

यावर एक सहकारी म्हणतात, "मग शिक्षकाने नुसते बघत बसायचे?" वर्गात, हो. पण एका आजीबाईंच्या घरी मुलगी प्रश्न विचारत होती आणि रेकॉर्डरचा लाल दिवा नुसता लुकलुकत होता. म्हणजे मुद्रण सुरूच नव्हते. तिथे मी लगेच सांगितले. आजींचा वेळ हा आमच्या सरावाचा कच्चा माल नव्हे.

त्या मुलाने मूळ मुद्रण जपून ठेवले होते. पुढच्या सत्रात त्याने कार्यक्रम पुन्हा बांधायला घेतला. माझा सात मिनिटांचा होता, त्याचा अकरा मिनिटांचा झाला. भोंगा राहिला. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. चौथ्या मिनिटाला त्याने वडिलांना पाठीबद्दल विचारले आहे आणि उत्तर येतच नाही. मी घड्याळाकडे पाहिले. नऊ सेकंद. मुलाने मागे वळून विचारले, "जास्त होतंय का, सर?"

"तुला काय वाटतं?" मी म्हटले. तो पुन्हा हेडफोन लावून ऐकू लागला.