बर्गींची आठवण आणि आपली विस्मृती

वणी परिसरातील कोळसा खाणींच्या वसाहतींत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसे राहतात. काही वर्षांपूर्वी तेथील एका बंगाली गृहस्थांच्या घरी जाण्याचा योग आला. आतल्या खोलीत त्यांच्या आई नातवाला अंगाई म्हणून झोपवीत होत्या. भाषा कळत नव्हती. पण 'बर्गी' हा शब्द कानांवर आला आणि ओळखीचा वाटला. त्याचा अर्थ विचारला तेव्हा गृहस्थ थोडे संकोचले. मग हसून म्हणाले, "सर, राग मानू नका. बर्गी म्हणजे तुम्हीच!"

त्यांचे म्हणणे खरे होते. बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, हे आपण शाळेत शिकतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने मारले. तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ मध्ये तह होऊन ओडिशाचा वसूल आणि चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये नागपूरकरांना मिळू लागले. आपल्या लेखी हा पराक्रमाचा अध्याय आहे. मराठ्यांच्या भयाने कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला होता, हे आपण अभिमानाने सांगतो. बंगालच्या खेड्यांतील रयतेला मात्र असा खंदक नव्हता. तिच्या वाट्याला जाळपोळ आली, उभी पिके गेली, विणकर परागंदा झाले. त्या काळाचे उरलेले अवशेष म्हणजे ती अंगाई. बर्गी आले, आता सारा कशातून भरावा, ही शेतकऱ्याची चिंता तेथील मुले पावणेतीनशे वर्षे झोपेत ऐकत आली आहेत.

स्वारी करणारा विसरतो आणि जिच्यावर स्वारी झाली ती रयत लक्षात ठेवते, हा जगाचा जुना अनुभव आहे. परंतु जखम जुनी व खोल असली म्हणजे वैरही टिकतेच काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना युरोपच्या आग्नेय भागातील तीन समाजांचे उदाहरण उपयोगी पडते. हंगेरियन व ग्रीक हे दोघेही तुर्कांचे एकेकाळचे जित. १५२६ मध्ये मोहाचच्या रणांगणावर हंगेरीचे सैन्य बुडाले, राजा मरण पावला. १५४१ पासून १६८६ पर्यंत बुडा हे राजधानीचे शहर तुर्कांच्या ताब्यात होते. असे असूनही आजचा हंगेरियन तुर्काकडे वैरभावाने पाहत नाही. सुलतान सुलेमान जेथे वेढा चालू असताना मरण पावला, त्या सिगेतवारजवळ १९९४ मध्ये मैत्री-उद्यान उभारण्यात आले. तेथे सुलतानाचा आणि त्याच्याशी लढून पडलेल्या झ्रिन्यी या किल्लेदाराचा, असे दोन्ही पुतळे आहेत. २०१८ पासून हंगेरी तुर्किक राष्ट्रांच्या संघटनेत निरीक्षक म्हणून बसते.

ग्रीकांचे तसे नाही. १८२१ मध्ये त्यांनी स्वातंत्र्ययुद्ध आरंभिले ते तुर्कांविरुद्ध. १९२३ मध्ये उभय देशांनी करार करून लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि चार लाख मुसलमान आपापल्या जन्मभूमीतून उखडले गेले. १९७४ मध्ये सायप्रसची फाळणी झाली. हंगेरियन आणि ग्रीक यांच्या मनोवृत्तीतील फरकाचे कारण चारशे वर्षांपूर्वीच्या लढायांत सापडणार नाही. हंगेरी आणि तुर्कस्थान यांच्यामध्ये आज सीमा नाही, वादाचे पाणी नाही, बेट नाही. उलट १८४९ मध्ये क्रांती फसल्यावर लायोश कोशुत तुर्कांच्या आश्रयास गेला आणि ऑस्ट्रिया-रशियाच्या दडपणाला न जुमानता सुलतानाने त्याला त्यांच्या हवाली करण्याचे नाकारले, ही कृतज्ञतेची आठवण मोहाचच्या आठवणीवर येऊन बसली. ग्रीस आणि तुर्कस्थान यांच्यामध्ये एजियन समुद्र व सायप्रस हे आजचे प्रश्न आहेत, म्हणून जुनी जखम भरत नाही. तरीही १९९९ मध्ये दोन्ही देशांत पाठोपाठ भूकंप झाले, तेव्हा परस्परांच्या बचाव पथकांनी एकमेकांची माणसे ढिगाऱ्यांतून काढली आणि वर्षानुवर्षांचा ताठा सैल झाला. तात्पर्य, भूतकाळ हा कोठारात साठवलेल्या दारूगोळ्यासारखा असतो. त्यास बत्ती देतो तो वर्तमानातील हितसंबंध.

हीच कसोटी आपल्याकडे लावून पाहावी. नागपूरकरांची सत्ता ओडिशावर १७५१ ते १८०३ अशी बावन्न वर्षे होती. तो अंमल सौम्य होता असे नव्हे. तथापि ओडिशाच्या आठवणीत मराठा हा केवळ लुटारू नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोरील अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभारला गेला तो मराठ्यांच्याच अमदानीत. बंगालच्या अंगाईत मात्र घोडेस्वारच राहिला. मन्कर ओल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये फिरता दरोडेखोर आणि ठाण मांडून बसलेला दरोडेखोर असा एक मार्मिक भेद मांडला. पहिल्याला पुढील वर्षीच्या पिकाशी कर्तव्य नसते. दुसऱ्याला पुढील वर्षीही सारा हवा असतो, म्हणून रयत जगविणे त्यास भाग पडते. बंगालने आपले पहिले रूप पाहिले, ओडिशाने दुसरे. दोन्ही ठिकाणी मुलूखगिरी एकाच घराण्याची होती!

आणि तरीही बंगालने आपणांस कायमचे वैरी मानले नाही. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी गृहस्थ बंगालीतून लिहीत. ब्रिटिश राज्यात देशाची संपत्ती कशी शोषली जाते हे सांगणारा त्यांचा 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. त्यांच्याच पुढाकाराने कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. रवींद्रनाथांनी त्यानिमित्त कविता लिहिली. १९०६ मध्ये लोकमान्य टिळक या उत्सवास गेले, तेव्हा त्यांच्यासमवेत आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहराने शिवाजीचा जयघोष केला. १९०५ च्या वंगभंगाने दोघांचे हित एक केले होते, हे त्याचे खरे कारण. याउलट बंगाली व ओडिया यांचे पाहा. त्यांच्यात चौथाईचा संबंध नव्हता. पण ओडिया ही स्वतंत्र भाषा नव्हेच, असे काही बंगाली पंडित म्हणू लागले आणि शाळांचा व नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ओडियांच्या मनात अढी बसली. रसगुल्ला कोणाचा हा वादही इतका वाढला की, २०१७ मध्ये बंगालला आणि २०१९ मध्ये ओडिशाला वेगवेगळी भौगोलिक मानांकने द्यावी लागली.

म्हणूनच आजची परिस्थिती चिंता उत्पन्न करते. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या काही बंगाली भाषक मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडण्यात आले आणि ते पश्चिम बंगालचे रहिवासी असल्याचे निष्पन्न झाल्यावर परत आणावे लागले. घुसखोरीची तपासणी हा सरकारचा अधिकार आहे, याविषयी दुमत नाही. परंतु केवळ बोलीवरून माणसाच्या नागरिकत्वाचा निवाडा होऊ लागला, तर त्या अंगाईला नवे कडवे जोडले जाईल. निवडणूक प्रचारात बाहेरून आलेल्या प्रतिपक्षाला 'बर्गी' म्हणण्याची रीत बंगालमध्ये आहेच. तो शब्द अद्याप मेलेला नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. त्या निर्वासितांची नातवंडे आज भोसल्यांच्याच जुन्या मुलखात मराठी बोलत शेती करीत आहेत. त्यांना परके मानावयाचे की आपले, हे आपणच ठरवावयाचे आहे.

वऱ्हाडास या इतिहासाशी आणखी एक नाते आहे. अडगाव आणि गाविलगड येथे पराभव झाल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. त्या एकाच तहाने भोसल्यांचा कटक प्रांत कंपनीकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला मुलूख निजामाकडे. यवतमाळ आणि कटक एकाच दिवशी एकाच कागदावर हस्तांतरित झाले. ना येथील शेतकऱ्याला कोणी विचारले, ना तेथील. राज्ये मिळविणारे आणि गमावणारे निराळे असतात, सारा भरणारे सर्वत्र सारखेच असतात.

इतिहास शिकविणाऱ्या आमच्या शिक्षकबंधूंना एवढीच विनंती आहे की, रघूजींच्या स्वाऱ्या शिकविताना त्या अंगाईचाही उल्लेख करावा. त्याने पराक्रम उणा होत नाही. त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच कळते. जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू तेवढी लिहिणारा कारकून आपण क्षणभरही ठेवून घेणार नाही. इतिहासाच्या वहीला निराळा नियम का असावा?