‘ए प्लस’ कुणाला, कॉलेजला की कोर्सला?

बीएस्सी, बीएएमएस किंवा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थच्या जाहिराती तुमच्याही मोबाइलवर येऊन धडकत असतील. कोविडनंतर या कोर्सची चलती आहे.

कोर्स कामाचा आहे, यात वाद नाही. बेलवलीकरांना तर तो पटवून द्यायलाच नको. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवाशांची सुटका झाली. ती बातमी देशभर गाजली. पण पूर ओसरल्यावर पिण्याचं पाणी तपासणं, लेप्टो किंवा काविळीचे पेशंट कुठल्या गल्लीत वाढताहेत ते मोजणं, हे काम टीव्हीवर दिसत नाही. एमपीएचमध्ये तेच शिकवतात.

घोळ होतो तो ‘अ‍ॅक्रेडिटेड’ या शब्दापाशी. माहितीपत्रकावर ठळक छापलेली नॅकची श्रेणी असते अख्ख्या संस्थेची. तिथला एमपीएच कसा आहे, ते त्यातून कळत नाही. अमेरिकेत ‘सेफ’ नावाची संस्था फक्त सार्वजनिक आरोग्याचे कोर्स तपासून मान्यता देते. आपल्याकडे तशी वेगळी व्यवस्था रुळलेली नाही. म्हणून ‘इंटरनॅशनली अ‍ॅक्रेडिटेड’ दिसलं की सरळ विचारा, कुणी दिली मान्यता? पदवी देणारं विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे ना, हे तर आधी बघाच. यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढते, तीही चाळा.

माझं स्पष्ट मत सांगतो. माहितीपत्रक नंतर वाचा, आधी नोकरीच्या जाहिराती वाचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या साथरोगतज्ज्ञ पदासाठी अनेकदा आधी वैद्यकीय पदवी आणि त्यावर एमपीएच अशी अट असते. बीएस्सीवाल्याने दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे घालवल्यावर ही ओळ वाचली तर काय उपयोग? त्याच्यासाठी स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, आरोग्यविषयक डेटाचं काम अशा वाटा आहेत. पण तिथे बायोस्टॅटिस्टिक्स आणि एपिडेमिऑलॉजी पक्कं लागतं. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर आत्ताच विचार करा.

चांगले पर्याय फार लांब नाहीत. ‘टिस’ देवनारला आहे. कुर्ल्याला उतरून हार्बरने गोवंडी, बदलापूरच्या लोकलमध्ये उभं राहायची सवय आपल्याला आहेच. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात हा कोर्स आहे. घर सोडायची तयारी असेल तर तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर १९९७ पासून एमपीएच शिकवतंय.

कुठेही प्रवेश घेण्याआधी ऑफिसला फोन करून दोन गोष्टी विचारा. फिल्डवर्क किती आठवडे आणि नेमकं कुठे असतं? गेल्या दोन बॅचची मुलं सध्या काय करताहेत, त्यांच्यापैकी कुणाशी बोलता येईल का? ‘फिल्डवर्कचं काही नाही हो, रिपोर्ट सबमिट करायचा असतो,’ असं उत्तर आलं तर फी भरू नका.