काळ्या खिडकीची भीती कशाला?

माजलगावच्या एका भगिनी विचारतात, "मुलगी बीसीएला आहे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने उबुंटू टाकले आणि आता काळ्या पडद्यावर सतत काहीतरी टाइप करत असते. शेजारचे म्हणतात, हे हॅकिंग आहे. तिला थांबवू का?"

थांबवू नका. त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. आपण माउसने जी कामे करतो, ती तिथे आज्ञा लिहून होतात. पूर्वी टर्मिनल म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड असे. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० वर एका ओळीत ८० अक्षरे, अशा २४ ओळी दिसत. आता तेच काम एक खिडकी करते. लिनक्स शिकणाऱ्याला ती लागतेच.

मग टर्मिनल कोणते निवडावे? उबुंटूसोबत येते ते पुरेसे आहे; कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबले की उघडते. केडीईचे कॉन्सोलही चांगले आहे. विंडोज ११ असेल तर त्यात विंडोज टर्मिनल असते. तिन्ही मोफत आहेत, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही.

मुलांना सजावटीची हौस असते. खिडकी पारदर्शक करायची, मागे फोटो लावायचा. हौस करू द्या, पण अक्षर आधी स्पष्ट दिसले पाहिजे. 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. एक स्पेस चुकीच्या जागी पडली तरी भलतेच फोल्डर पुसले जाऊ शकते. घरच्या कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीची कागदपत्रे असतात, मरहूम आजोबांचे फोटो असतात.

म्हणून सेटिंगमध्ये अक्षराचा आकार १४ च्या आसपास ठेवा. पार्श्वभूमी एकरंगी असू द्या. शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि छोटा 'एल' वेगळे दिसतील असा फॉन्ट निवडा. 'रूट' म्हणजे सर्वाधिकार. त्या वेळी आज्ञेच्या आधीची ओळ लाल दिसेल अशी सोय करता येते. त्यासाठी 'बॅशआरसी' फाइल बदलावी लागते. बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवावी.

आपले नाव मराठीत आणि उर्दूत लिहूनही बघा. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देते. त्यामुळे जोडाक्षरे तुटतात, वेलांटी सरकते, कधी उर्दू उलटी दिसते. त्याने फाइल बिघडत नाही, फक्त दिसणे बिघडते.

इंटरनेटवरून उचललेली आज्ञा, विशेषतः 'सुडो'ने सुरू होणारी, न समजता चालवू नये. भगिनी, आपण एवढेच करा. लेकीजवळ बसा आणि म्हणा, "बेटा, एंटर दाबण्याआधी याचा अर्थ मला सांग." तिला सांगता आला, तर ती शिकते आहे. नाही आला, तर एंटर थांबेल. आणि घरचे फोटो, कागदपत्रे आजच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.