पत्र कोणाच्या घरी राहते?

परवा प्रात्यक्षिकाच्या तासाला लोलकाची आवर्तने मोजता मोजता अकरावीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, माझे खाते जीमेलवर आहे. संगणकावर टपालासाठी वेगळा प्रोग्रॅम घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?" शेजारचा हसून म्हणाला, "वेगळा कशाला? ब्राउझर उघडला की पत्रे दिसतातच की!" या गोंधळात आवर्तने तेरा झाली की चौदा हे दोघांनाही सांगता येईना.

विद्यार्थी मित्रहो, प्रश्न वरवर पाहता पेन कोणते घ्यावे असा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. तुम्हाला आलेले पत्र असते कुठे? ब्राउझरमध्ये ते दिसते तेव्हा ते तुमच्या घरी आलेले नसते. ते कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या एका मोठ्या संगणकावर असते आणि आपण खिडकीच्या काचेतून ते वाचत असतो. इंटरनेट गेले की खिडकी बंद.

हे मला कधी कळले ते सांगतो. मी साताऱ्यात शिकवतो, पण आमचे घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी 45 फूट धरतात, यावरून कल्पना करा. घरातली माणसे वेळेवर बाहेर पडली. खालच्या खोलीतला संगणक मात्र टेबलासकट बुडाला. त्यात माझ्या एम. एस्सी.च्या सरांची दहा वर्षांची पत्रे होती. मी शंका विचारायची आणि त्यांनी उत्तराऐवजी एक नवे गणित पाठवायचे, असा आमचा पत्रव्यवहार. सर आता हयात नाहीत. दुरुस्तीवाल्याने चिखलाने भरलेली चकती हातात घेतली आणि मान हलवली.

"पण सर, पत्रे सर्व्हरवर असतीलच ना?" नव्हती. माझा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने लावलेला होता. पत्र उतरवून घ्यायचे आणि सर्व्हरवरचे पुसून टाकायचे, असा त्याचा क्रम. 'प्रत सर्व्हरवर ठेवा' या चौकटीत खूण करायला मी कधी गेलोच नाही. प्रोग्रॅमचे नाव सांगत नाही, चूक माझीच होती. सरांनी हाताने लिहिलेली दोन पत्रे फडताळाच्या वरच्या कप्प्यात होती, ती तेवढी वाचली.

आता त्याच आठवड्यातली उलटी गोष्ट. आमचे शेजारी लॅपटॉप घेऊन वरच्या मजल्यावर गेले होते. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. तरी त्यांनी विम्याचे पत्र उघडून पॉलिसीचा क्रमांक वहीत उतरवून घेतला, कारण त्यांच्या प्रोग्रॅमने पत्रांच्या प्रती लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. सर्व्हर सुरक्षित असेलही, पण त्या दिवशी तो त्यांच्या काय कामाचा?

या दोन गोष्टींच्या मागे दोन पद्धती आहेत. पहिली पॉप. या नावाची फोडच मुळी 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' अशी आहे. ती 1984 सालची. तेव्हा संगणक टेलिफोनच्या तारेने जोडत आणि जोडणीचा प्रत्येक मिनिट महाग असे. आपल्याकडे तर सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, आणि तेही फोन अडवून. तेव्हा पटकन जोडा, पत्रे उतरवा, फोन ठेवा, हा शहाणपणाच होता. दुसरी पद्धत आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. हिच्यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि घरच्या संगणकावर त्याची प्रत येते. फोनवर वाचलेले पत्र संगणकावरही वाचलेले दिसते. मात्र इथे पुसले की तिथलेही पुसले जाते, हे विसरू नका.

माझे मत विचाराल तर खाते आयमॅपने जोडावे आणि प्रोग्रॅम थंडरबर्ड घ्यावा. त्याची पहिली आवृत्ती 2004 सालची. तो विनामूल्य आहे, त्याची घडण कोणालाही तपासता येते आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे तो चालतो. पण माझे खरे कारण वेगळे आहे. हा प्रोग्रॅम पत्रे साध्या मजकुराच्या धारिकेत, एकाखाली एक ठेवतो. उद्या थंडरबर्ड नाहीसा झाला तरी ती धारिका कोणत्याही साध्या संपादकात उघडते. फक्त आपल्याच कुलपाने उघडणाऱ्या पेटीत पत्रे ठेवणारे प्रोग्रॅम मला आवडत नाहीत.

ती धारिका एकदा उघडून पाहाच. इंग्रजी पत्र सरळ वाचता येईल. मराठी पत्राच्या जागी बहुधा रोमन अक्षरांचा अर्थहीन वाटणारा ढीग दिसेल. घाबरू नका, पत्र बिघडलेले नाही. ई-मेलची व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरांपुरती बेतलेली होती, म्हणून देवनागरीला वेश पालटून प्रवास करावा लागतो. 'सातारा' शब्दात काने वेगळे धरून सहा चिन्हे आहेत. युनिकोडच्या रूढ लेखनात प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. मग दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हे होतात, म्हणजे चोवीस. 'सांगली'चेही तेवढेच भरतात का, ते तुम्ही मोजा. अनुस्वार विसरू नका!

प्रोग्रॅम निवडताना आणखी एक प्रश्न विचारावा. हा माझी पत्रे थेट माझ्या सर्व्हरवरून आणतो, की वाटेत आणखी कोणाच्या घरी ठेवतो? विंडोजबरोबर येणारे नवे आउटलुक जीमेलचे खाते जोडल्यावर पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही ठेवते. कंपनी हे लपवत नाही, जोडतानाच सांगते, पण आपण न वाचता 'पुढे' दाबतो. कोणाला यात गैर वाटणार नाही. मला माझ्या पत्रांसाठी तिसरे घर नको आहे. पासवर्डचेही तसेच. 2022 पासून गूगल वैयक्तिक खात्यासाठी नुसता साधा पासवर्ड बाहेरच्या प्रोग्रॅमला चालू देत नाही. प्रवेश गूगलच्याच खिडकीतून करायचा असतो. एखादा अनोळखी प्रोग्रॅम आपल्याच चौकटीत जीमेलचा पासवर्ड मागू लागला तर तो काढून टाका.

तुमच्या खात्यात केवळ जाहिराती आणि सांकेतिक क्रमांकच येत असतील, तर तो हसणारा मुलगा बरोबर आहे. ब्राउझर पुरे. पण शाळेने दिलेले खाते शाळा सोडल्यावर बंद होऊ शकते. गूगलही दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसू शकते, आणि त्याची 15 जीबी जागा फोटोंनीच भरली की नवी पत्रे परत जातात. म्हणून जपायची पत्रे मी थंडरबर्डमध्ये 'स्थानिक' कप्प्यात नकलून ठेवतो. तिथली प्रत सर्व्हरवर काही पुसले तरी जात नाही. त्या कप्प्याची आणखी एक नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन दर महिन्याला मी सांगलीहून साताऱ्याला आणतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या माझ्या खोलीपर्यंत कृष्णा अजून आलेली नाही.

तो विद्यार्थी चार दिवसांनी पुन्हा आला. त्याने खाते जोडले होते. मी म्हटले, "प्रयोग करून पाहिलास का? वायफाय बंद करायचे आणि मागच्या वर्षीचे एखादे पत्र उघडायचे." त्याने माझ्यासमोरच लॅपटॉप काढला. नवी पत्रे उघडली, जुन्यांचे नुसते विषय दिसले. जोडणी होऊन एकच रात्र झाली होती आणि जुनी पत्रे अजून उतरत होती. आज संध्याकाळपर्यंत लॅपटॉप चालू ठेवून उद्या पुन्हा वायफाय बंद करायचे, असे ठरले आहे.